तीनचा सत्ताविसावा

छत्तीस वर्षं मोचेमाडच्या पोस्टात
तारखांचे शिक्के मारले.
आता जास्वंदीच्या देठाला दोरा बांधते,
दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख.
आई : गावठी लाल, विहिरीकडची.
बाप : बेळगावचा पिवळा, कुंडीतला, लाडावलेला,
खारं वारं लागलं की पानं टाकून बसणारा.

आदल्या सांजेला कळी उलगडून
तिचे पुंकेसर कातरायचे, नखं कापायच्या कात्रीने.
सकाळी आठच्या आत बाकीचं.
डिंकाचा जुना ब्रश, सोड्याने धुतलेला,
पाच मखमली ठिपके, पाचांनाही पिवळी पूड,
आणि वर चहाचं गाळणं उपडं,
शिंजीर येऊन स्वतःचा बेत करू नये म्हणून.

भाऊ विचारतो, कशासाठी गं हे?
सांगते, बेळगावचा रंग हवाय, गावठीची कातडी.
त्याला पटतं.
मला तेवढं पटत नाही,
पण दुसरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

नव्वद गाठी मारल्या. एक्याऐंशी गळल्या.
नऊ बोंडं तडकली, त्यांतल्या बियांना
दगडावर घासून काथ्याच्या भुशात निजवलं.
मग वर्षभर गोगलगायी, पिठ्या ढेकूण,
आणि भाच्याचा क्रिकेटचा चेंडू.
फुलं आली ती लाल. पुन्हा लाल.
एक नारिंगी, एस्टीच्या जुन्या सीटसारखं.
गावठी रक्त सहजी हटत नाही.

तीनचा सत्ताविसावा मी उपटणारच होते.
वाकडा, अर्धं पान गोगलगायीने नेलेलं.
धुण्याच्या दगडामागे ठेवला, साबणाचं पाणी पीत जग म्हटलं.
तो जगला. तिसऱ्या कार्तिकात कळी धरली.
टोकाशी रंग दिसायला लागला
पण कुठला, ते सांगता येईना.
रात्री दोनदा बॅटरी घेऊन जाऊन आले.

पहाटे नुसता देठ.
देठावर बुळबुळीत थेंब.

रुक्मा कांबळी देवाला फुलं नेते
आमच्याच कुंपणातून, अंधार असतानाच.
परवानगी माझीच, वीस वर्षांपूर्वीची,
तेव्हा फुलं नुसती फुलं होती.

तशीच धावले, केस न विंचरता.
रावळनाथाच्या उजव्या खांद्यावर
लालांच्या गर्दीत ते उमललं होतं.
मध्यभागी भिजल्या आमसुलाचं पाणी,
आणि कडा, काय सांगू,
ओहोटीनंतरच्या वाळूच्या,
पाऊल उचललं की क्षणभर उजळते तशा.

"ह्यां एक फूल आजारी दिसता,"
गुरव म्हणाले, "काढूया?"
नको. राहू दे जरा.

बेळगावचा रंग नव्हताच तो.
गावठीचाही नव्हता.
घंटेखाली उभी राहिले, हात न जोडता,
कुणीतरी अनोळखी दारात यावं
आणि आपल्याच नावाने हाक मारावी, तशी.

ब्रश कमरेला खोचलेलाच होता.
देवाला विचारलं नाही.
माझी कळी नेताना त्याने तरी कुठे विचारलं होतं.
परागाची चिमूट पुडीत बांधली,
उदबत्तीच्या कागदाची पुडी,
आणि आठ वाजायच्या आत विहिरीकडे पोचले.

वहीत लिहिलं :
आई : गावठी लाल.
बाप : ३/२७,
मुक्काम रावळनाथाचं देऊळ, उजवा खांदा.

सांजेपर्यंत ते फूल मिटून
निर्माल्याच्या टोपलीत गेलं असेल.
जास्वंदीला एकच दिवस असतो, त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या पहाटे रुक्माला कुंपणापाशी गाठलं.
दोरा दिसेल तिथे हात लावू नकोस, म्हटलं.
तिने कंदील वर केला,
वाकडं झाड नीट बघितलं.
"आणि नाव काय गो तेचा?"
नाव नाही अजून.
पत्ता तेवढा आहे.